मराठवाड्यात ॲप चालवायचंय? या, बसा, शिकवतो

पुण्यात किंवा बंगळुरात काचेच्या इमारतीत बसून तुम्ही जो नवा ग्राहक शोधताय ना, तो मीच. औसा तालुका, सात एकर सोयाबीन, खिशात साडेनऊ हजारांचा मोबाईल. आमच्या घरात कॉम्प्युटर कधी आलाच नाही, थेट मोबाईल आला. २०१६ साल आठवतं का? एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी यूपीआय आलं, ५ सप्टेंबरला जिओ आलं, नोव्हेंबरात नोटा गेल्या. नळ कोरडे, पण डेटा धो धो. तेव्हापासून आम्ही बाजारपेठ झालो.

तर आम्हाला गिऱ्हाईक म्हणून कसं धरायचं, ते ऐका. गेल्या पंधरवड्यात एका कंपनीनं मला असं काही धरलंय की अनुभव अजून ओला आहे.

सुरुवात भाषेपासून करा. २०११च्या जनगणनेत मराठी बोलणारे ८ कोटींच्या वर निघाले, तेव्हा ‘मराठी’ असं बटण ठेवाच. मराठी येणारा माणूस मात्र ठेवू नका, उगीच पगार पडतो. भाषांतर यंत्राकडून घ्या. मला त्या ॲपनं सांगितलं, ‘तुमचा गाडा रिकामा आहे.’ खरंच आहे, बैलं विकून सहा वर्षं झाली! अटींचं पान तेवढं इंग्रजीत राहू द्या. गळाला लावायला मराठी, हात वर करायला इंग्रजी.

पिनकोड विचारा, गाव विचारू नका.

लाल अक्षरात ‘फक्त २ उरले’ लिहा आणि खाली उलटं पळणारं घड्याळ लावा. संपलं की परत पहिल्यापासून सुरू. २०२३च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असल्या १३ फसव्या युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. खोटी घाई तिच्यात आहेच, टोपलीत न विचारता वस्तू घुसवणंही आहे. (माझ्या टोपलीत २९ रुपयांचा विमा आपोआप उगवला होता.) यादी नीट वाचा. न सुचलेल्या युक्त्याही फुकट मिळतील.

महिना २८ दिवसांचा करा, म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज होतात. हे मोबाईल कंपन्यांकडून शिकावं. ३० दिवसांचाही एक प्लॅन ठेवा, असं ट्रायनं, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२२ साली बजावलं होतं. तो ॲपमध्ये पटकन शोधून दाखवणाऱ्याला आमच्याकडं जेवण.

ओटीपी दहा मिनिटांचाच असू द्या. आमच्याकडं लाईट गेली की टॉवरही मान टाकतो. माळवदावर चढून पूर्वेच्या कोपऱ्यात उभं राहिलं की दोन कांड्या येतात. तेवढाच व्यायाम.

आता मुख्य विद्या, घरपोच डिलिव्हरी. सोयाबीन फुलात, वर उंटअळी, आणि पावसानं चार-पाच दिवसांची उघडीप दिलेली. जुना पंप गळायला लागला म्हणून पोरानं १६ लिटरचा चार्जिंगचा फवारणी पंप मागवला. ‘३ दिवसांत घरपोच.’ पैसे यूपीआयनं एका सेकंदात गेले. चौथ्या दिवशी मेसेज आला, ‘डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नव्हते.’ ग्राहक कुठं होता? उंबऱ्यात! सकाळपासून. रानातसुद्धा गेला नव्हता. पाचव्या दिवशी परत तोच मेसेज, तोच ग्राहक, तोच उंबरा. सहाव्या दिवशी फोन.

“मामा, कुठं हाव? मी औशाच्या बसस्टँडपशी थांबलाव.”

“अरे बाळा, घरपोच लिहिलंय की.”

“तुमचं गाव माझ्या एरियात न्हाई मामा. लोकेशन तेरणेच्या पाण्यात दाखवलालंय. या की, न्हाईतर माल परत जाईल.”

गेलो. काळीपिवळीत दाटीवाटीनं, जाऊन येऊन अर्धा दिवस. त्या लेकरावर काय चिडायचं? त्याला पार्सलमागं मोजून पैसे, वर पेट्रोल त्याचंच. त्यालाच मी चहा पाजला.

घरी येऊन खोकं फोडलं. पंप होता, पट्टा होता, नोझल होते. चार्जर नव्हता. चार्जिंगचा पंप, आणि चार्जर नाही!

चॅटवर एक यंत्र भेटलं. ‘तुमची गैरसोय आम्ही समजतो.’ तीनदा समजलं त्याला. मग म्हणालं, खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. म्हणजे फोटोग्राफर बोलवायचा होता होय लग्नासारखा? मग माणसाचा फोन आला, हिंदीत. आमची हिंदी निजामाच्या काळातली. ‘चार्जरइच नै आया’ म्हणालो. ‘सर, आपका चार्जर डिलिव्हर हो चुका है’ म्हणाला. संध्याकाळी तक्रार ‘निकाली’ निघाली आणि पाठोपाठ मेसेज आला की सेवेला तारे द्या.

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार मिटवायची असं लिहिलंय. त्याचं नाव ॲपवर दिसायलाच पाहिजे. मी शोधलं. लेकानं शोधलं. पुण्यात शिकणाऱ्या पुतण्यानंही शोधलं. तो बिचारा अधिकारीही बहुतेक तेरणेच्या पाण्यात असेल. शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार टाकली.

बास झालं शिकवणं.

तुमच्या बैठकांत म्हणे चर्चा असते, खेड्यातल्या माणसाचा ऑनलाइनवर विश्वास नाही, त्याला शिकवावं लागेल. कुणाला शिकवता? माझी म्हातारी आई व्हिडिओ कॉलवर नातवाला ओरडते. औशातला कृषी केंद्रवाला पंप तीनशे रुपयांनी महाग देतो, पण दुकानात चालवून दाखवतो, पैसे सोयाबीन विकल्यावर घेतो, आणि पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला की रात्री दहालासुद्धा औषध सांगतो. मोबाईल तोच, गिऱ्हाईक तेच. तुम्हाला पैसे घेताना आमचं गाव सापडतं आणि माल देताना सापडत नाही. लाज वाटत नाही? जाहिरातीला पैसा आहे, मग लातुरात मराठी बोलणारी दोन पोरं बसवायला नाही? त्या पार्सलवाल्या लेकराला पेट्रोल द्यायला नाही? उघडीप निघून गेली. आता पाऊस लागून आहे आणि अळीनं पानांची चाळणी केलीय. तिला तुमचे पाच ते सात कामकाजाचे दिवस कळत नाहीत.

पंप खुंटीला टांगलाय. परतावा नको, कूपन नको, माफी तर नकोच. १२ व्होल्टचा चार्जर पाठवा. आणि घरापर्यंत पाठवा.