मुक्तस्रोत म्हणजे निकृष्ट? बुद्धिबळाविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

माझा भाचा ज्या बुद्धिबळ वर्गाला जातो, तेथील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरणारा एक संदेश बहिणीने मला पाठवला आणि चेस डॉट कॉम या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळाची वार्षिक वर्गणी भरावी का, असे विचारले. जगभरचे खेळाडू चेस डॉट कॉम निवडतात, कारण मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा, लिचेस या दुसऱ्या मोफत संकेतस्थळाचे इंजिन (डाव तपासून चांगली खेळी शोधणारा प्रोग्राम) कच्चे आहे, त्याचा कोड कोणीही बदलू शकतो, फुकट असल्यामुळे ते मुलांची माहिती विकते आणि मोठे खेळाडू तिकडे फिरकत नाहीत, असा त्या संदेशाचा दावा आहे. पालकांना घाबरवून खर्चात पाडणारे असले मजकूर न तपासता पुढे ढकलले जातात, याचा मला मनस्वी राग येतो.

यातला इंजिनाचा मुद्दा तर निव्वळ खोटा आहे. लिचेसवर विश्लेषण करणारे स्टॉकफिश हे जगातील सर्वांत बलाढ्य इंजिनांपैकी एक असून ते स्वतः मुक्तस्रोत आहे, आणि चेस डॉट कॉमच्या विश्लेषणातही तेच वापरता येते. चेसबेस या जर्मन कंपनीने याच स्टॉकफिशवर आधारलेले फॅट फ्रिट्झ २ विकायला काढले, तेव्हा परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल स्टॉकफिशच्या निर्मात्यांनी २०२१ मध्ये तिच्यावर दावा दाखल केला आणि २०२२ मध्ये तडजोड झाली. जे इंजिन कच्चे, ते कोणती कंपनी स्वतःच्या नावाने विकायला घेईल? भाचा डाव हरला की लिचेस त्याची चुकलेली स्थिती पुन्हा पटावर मांडते आणि याहून चांगली खेळी शोधायला सांगते. त्यासाठी एक रुपयाही पडत नाही, आणि कोडी हवी तितकी सोडवता येतात. चेस डॉट कॉमच्या मोफत खात्यावर मात्र कोडी आणि डावाचा आढावा या दोन्हींना मर्यादा आहे.

कोड कोणीही उतरवून घेऊन आपल्या प्रतीत बदलू शकतो, हे खरे. पण चालू संकेतस्थळात बदल करण्याचा अधिकार ते चालवणाऱ्यांनाच असतो. माहिती विकण्याचा आरोपही निराधार आहे, कारण फ्रान्समधील ही ना-नफा संस्था जाहिरातींवाचून, देणग्यांवर चालते. मात्र तेथील रेटिंगचे (खेळाडूच्या ताकदीचा आकडा ठरवणारे) डाव वापरकर्तानावांसह दरमहा जाहीर केले जातात, म्हणून मुलाचे खरे नाव खात्याला देऊ नये, एवढी काळजी पालकांनी जरूर घ्यावी.

गर्दी चेस डॉट कॉमवर अधिक आहे, हे मान्य करावेच लागते. ते २००७ पासून, म्हणजे लिचेसच्या तीन वर्षे आधीपासून चालू आहे. तेथील धडे नीट रचलेले आहेत, दर मंगळवारच्या किताबधारकांच्या (ग्रँडमास्टरसारखा किताब मिळवलेल्या खेळाडूंच्या) स्पर्धेत रोख बक्षिसे असतात, आणि वर्गातले मित्र जिथे खेळतात तिथेच मूल खाते उघडते. खेळाडू तिकडे वळतात ते या कारणांनी. मोठ्या खेळाडूंचे म्हणाल, तर खुद्द माजी विश्वविजेता मॅग्नस कार्लसन ‘डॉ. निक्टरस्टाइन’ या नावाने लिचेसवर खेळला आहे आणि तेथील किताबधारकांच्या स्पर्धा त्याने एकाहून अधिक वेळा जिंकल्या आहेत.