बाराच तर व्होल्ट!

घरातल्या विजेला मी भितो. २३० व्होल्टच्या बोर्डाला हात लावायचा म्हटलं की आधी पायात रबरी चपला चढवतो, मग मेन स्विच बंद करतो, आणि मग ते काम पुढच्या रविवारवर ढकलतो. गाडीतली वीज मात्र मला कधी वीज वाटलीच नाही. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर कोरडी बोटं ठेवली तरी मुंगीही चावत नाही. १२ व्होल्ट म्हणजे गरीब गाय, अशीच माझी समजूत होती.

गाडी आतून साफ करायची होती. व्हॅक्यूम क्लीनर ६०० वॉटचा, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि एक्सटेन्शन बोर्ड पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी येऊन लोंबकळत राहायचा. तेव्हा १२ व्होल्टचे २३० करून देणारा इन्व्हर्टर गाडीतच बसवावा, असं मी जाहीर केलं. "झाडू चालला नसता का?" असं बायकोने विचारलं. शोधकांच्या घरात असली माणसं असतातच.

इन्व्हर्टर आला १००० वॉटचा. त्याच्याबरोबर बॅटरीला लावायच्या वायरी होत्या, पण मी म्हटलं, डॅशबोर्डवर लायटरचं सॉकेट असताना बोनेट कशाला उघडा? एक पिन आणली, जोडली, क्लीनर लावला. त्याने 'घु' म्हटलं. 'र्र' म्हणायच्या आत सगळं शांत झालं. रेडिओही त्याच फ्यूजवर असल्यामुळे गाणंही कडव्याच्या मध्यात थांबलं. त्या सॉकेटचा फ्यूज १५ अँपिअरचा. १५ गुणिले १२ म्हणजे १८० वॉट. हा गुणाकार मला तिसरीतच येत होता, पण फ्यूजबॉक्स शोधायला स्टिअरिंगखाली डोकं घालेपर्यंत त्याची आठवण झाली नाही.

मग थेट बॅटरीवरून. इन्व्हर्टर डिकीत ठेवायचा ठरवला, कारण तिथे तो शोभत होता. पण बॅटरी पुढे, डिकी मागे, आणि बरोबर आलेल्या वायरी वीतभर. घरी वायरिंगच्या वेळची अडीच चौरस एमएमची वायर उरली होती, तीच घेतली. आता इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते. तिच्यात एका रबरी बुचातून गाडीच्या सगळ्या वायरी आत येतात. त्या बुचातून आणखी एक वायर घालायची तर एकाने बोनेटमध्ये वाकायचं आणि दुसऱ्याने डॅशबोर्डखाली उताणं पडायचं. मी उताणा पडलो.

"अगं, ढकल!"

"ढकलतेय. आली का?"

"नाही. अजून ढकल."

"अहो, चार हात वायर आत गेलीय. तुम्ही नक्की याच गाडीत आहात ना?"

वायर आली होती. माझ्या मानेमागून जाऊन सीटखाली तिने छान वेटोळं घातलं होतं.

शेवटचं टोक बॅटरीला टेकवलं आणि चटकन मोठी ठिणगी उडाली. मी दचकून उठलो, तो डोकं बोनेटवर. इन्व्हर्टरच्या आतले वीज साठवणारे कपॅसिटर एका झटक्यात भरतात, म्हणून पहिल्या जोडणीला अशी ठिणगी पडते, हे पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पुस्तिका मी टेंगळावर बर्फ धरून वाचली.

क्लीनर लावला. इन्व्हर्टरने 'टीं' करून किंचाळी फोडली आणि लाल दिवा लावला: बॅटरी उतरली आहे. बॅटरी तर नवी! पुन्हा लावला, पुन्हा टीं. पाचव्या टींला वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली, तेव्हा मी गाडीचं इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्या मामांना बोलावलं.

मामांनी आधी बोनेटमध्ये पाहिलं, मग माझ्याकडे. माझी वायर दोन बोटांत धरून म्हणाले, "साहेब, ही वायर आहे की पायजम्याची नाडी?"

"मामा, बाराच तर व्होल्ट आहेत."

"म्हणूनच!"

मग त्यांनी मला दहा मिनिटांत शहाणं केलं. २३० व्होल्टवर ६०० वॉट चालवायला तीन अँपिअरसुद्धा लागत नाहीत. १२ व्होल्टवर तेवढ्याच कामाला ५०, आणि इन्व्हर्टर मधल्या मध्ये खातो ते धरून पंचावन्नेक. दाब कमी असला की पाईप मोठा लागतो. त्यांनी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावला आणि मला क्लीनर चालू करायला सांगितलं. बॅटरीवर १२.३. डिकीत, टीं व्हायच्या आधीच्या क्षणी, साडेनऊ.

"मधले पावणेतीन व्होल्ट कुठे गेले?"

"वायरला हात लावून बघा."

लावला. कोमट.

"तुम्ही इन्व्हर्टर नाही, हीटर बसवलाय. बरं, फ्यूज कुठंय?"

"आहेत की, इन्व्हर्टरच्या आत."

"ते इन्व्हर्टरला. वायरला कोण वाचवणार?" त्यांनी पत्र्याच्या कडेवर घासलेली वायर दाखवली. सेल्फ मारताना दीडशे-दोनशे अँपिअर सहज देणारी बॅटरी. ही वायर पत्र्याला टेकली असती, तर मध्ये तिला अडवणारं कोणी नव्हतं. माझी गरीब गाय शिंगं खाली घालून उभी होती आणि मी तिची शेपटी ओढत होतो.

पुढचं काम मामांनी केलं. इन्व्हर्टर डिकीतून निघून पुढच्या सीटखाली आला. ३५ चौरस एमएमची केबल, करंगळीएवढी जाड, टोकांना दाबून बसवलेल्या थिंबल म्हणजे धातूच्या टोप्या, वायर घासू नये म्हणून पत्र्याच्या भोकात रबरी कडं, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात १२५ अँपिअरचा फ्यूज. सुरुवातीला त्यांनी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं आणि सगळ्यात शेवटी तेच लावलं. त्यामुळे घड्याळ शून्यावर गेलं आणि रेडिओने चार आकडी कोड मागितला. तो कोड गाडीच्या कागदपत्रांत आहे. कागदपत्रं घरात आहेत. घर मोठं नाही, तरी अजून सापडलेली नाहीत.

पण क्लीनर असा घुरघुरला की बायकोनेसुद्धा खिडकीतून पाहिलं. इंजिन चालू ठेवून मी पंधरा मिनिटं गाडी साफ केली. निघालेल्या कचऱ्यात निम्मा माझ्याच वायरीचा सोललेला प्लास्टिक होता.

मग आम्ही आठवडाभर बाहेर गेलो. सीटखाली इन्व्हर्टरचा हिरवा दिवा तेवत होता. काहीही न चालवता नुसता चालू ठेवला तरी तो अर्धा-पाऊण अँपिअर पीत बसतो. थेंबाथेंबाने आठ दिवस. परतल्यावर किल्ली फिरवली तर गाडीने 'टक्' म्हटलं. दुसऱ्यांदा फिरवली, तेव्हा तेही म्हटलं नाही.

शेजारी धावत आले. भला माणूस. स्वतःची गाडी शेजारी लावली, डिकीतून एका बॅटरीवरून दुसरीला वीज द्यायच्या जंपर केबल काढल्या आणि मोठ्या उत्साहाने बोनेट उघडलं. मी त्यांच्या हातातली केबल घेतली, दोन बोटांत धरली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं,

"ही वायर आहे की पायजम्याची नाडी?"

वरून, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून, कोणीतरी खूप हसलं.