तान्ह्या बाळाच्या विमानाची तारीख कोणी ठरवावी?

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतल्या मुली नोकरीनिमित्त पुण्याला, मुंबईला, बंगळुरूला गेल्या असल्या तरी पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून टिकून आहे, आणि ती टिकावी असे मलाही मनापासून वाटते. पूर्वी बाळ-बाळंतीण रेल्वेने सासरी जात. आता बारसे आटोपले की विमानाची तिकिटे बघायला सुरुवात होते. माझी हरकत विमानाला नाही, तारीख ज्या पद्धतीने ठरते तिला आहे. जावयांची रजा कधी संपते, तिकीट कोणत्या दिवशी स्वस्त पडते, सासरचे नातेवाईक केव्हा जमणार आहेत, हे सगळे पक्के झाल्यावर बालरोगतज्ज्ञांना केवळ "नेऊ ना?" एवढे विचारले जाते. मला हा क्रम उलटा हवा आहे. आधी डॉक्टरांनी बाळाला तपासावे, आणि मगच तिकिटाचा विषय निघावा.

विमान कंपन्या अगदी काही दिवसांच्या बाळालाही घेतात, हे ऐकून घरातली मंडळी निर्धास्त होतात. पण त्या नियमावरून इतकेच कळते की त्या वयानंतर बाळाला दारातून परत पाठवणार नाहीत. विमानाच्या आतला हवेचा दाब सुमारे ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. आपले इंदूर साधारण १,८०० फुटांवर आहे, तर सिमला ७,००० फुटांच्या थोडे वर. म्हणजे इथून उडालेले बाळ अर्ध्या तासाच्या आत सिमल्याच्या विरळ हवेत श्वास घेत असते. पूर्ण दिवसांचे, वजन नीट वाढणारे बाळ हे सहसा सोसते, तरीही ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी या ब्रिटनमधल्या छाती-फुप्फुसांच्या डॉक्टरांच्या संस्थेने अशा बाळालाही जन्मानंतर किमान एक आठवडा थांबवण्याचा सल्ला दिला आहे. जे बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे, काचेच्या पेटीत राहिले आहे, ज्याला ऑक्सिजन लावावा लागला होता किंवा ज्याच्या हृदयात दोष सांगितला आहे, त्याची गोष्ट निराळी; त्याच्यासाठी डॉक्टरांची लेखी संमती हवीच.

निरोगी बाळाबाबतही आपल्या आज्यांचा सव्वा महिना मला योग्य वाटतो, फक्त त्यात थोडी भर घालावी. सरकारी वेळापत्रकानुसार पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकल या लसी सहाव्या आठवड्यात असतात. त्या देऊन, लसीचा ताप येऊन गेल्यावर निघावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट ताप आला तर तो घरगुती उपायांनी थोपवायचा नसतो, लगेच दवाखाना गाठायचा असतो. परगावी पोहोचताच असा ताप चढला, तर तो लसीचा की संसर्गाचा, हे ठरवणे अवघड होते. नोकरी करणाऱ्या मुलींना प्रसूती रजेच्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते, त्यामुळे बहुतेक घरांत एवढी घाई करण्याचे कारणही नसते. विमानातली हवा गाळण्यांतून सतत स्वच्छ होत असते. मला भीती वाटते ती रांगेत उभ्या असलेल्या, सर्दी झालेल्या आणि बाळाचा गालगुच्चा घ्यायला पुढे सरसावणाऱ्या प्रेमळ अनोळखी माणसांची. तिथे आजोबांनी स्पष्ट नाही म्हणावे, वाईट वाटून घेऊ नये.

सर्वांत कमी बोलले जाते ते पट्ट्याविषयी. दोन वर्षांच्या आतील बाळ सहसा मांडीवर बसते, वेगळी जागा मुद्दाम घेतल्याशिवाय त्याला मिळत नाही. मागितल्यावर विमानसेविका एक छोटा पट्टा देते. त्याच्या मागच्या फासातून आईचा पट्टा ओवायचा असतो आणि छोटा पट्टा बाळाच्या पोटाभोवती स्वतंत्र लावायचा असतो. मी मात्र कितीतरी वेळा पाहिले आहे की बाळ झोपलेले असते, त्याला उठवायला नको म्हणून आई आपलाच पट्टा दोघांवरून लावते. जोराचा धक्का बसला तर आईचे सगळे वजन पुढे येते आणि बाळ तिच्या व पट्ट्याच्या मध्ये चिरडते. नुसते हातांनी धरलेले बाळही अशा वेळी हातात राहत नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे युनायटेड कंपनीचे विमान कोसळले, तेव्हा त्यात मांडीवरची चार मुले होती. त्या काळच्या सूचनेप्रमाणे विमानसेविकेने त्यांना आई-वडिलांच्या पायांशी जमिनीवर ठेवायला सांगितले, आणि त्यांतले एक मूल दगावले. ती सेविका पुढे अनेक वर्षे प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र जागेची मागणी करत राहिली. तिकडच्या विमान प्रशासनाने सक्ती केली नाही, कारण तिकीट महागले तर कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावर अधिक मुले मरतील, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब मला पटतो, म्हणूनच रात्रीच्या स्लीपर बसपेक्षा विमान बरे असे मी म्हणते; पण ज्यांना परवडते त्यांनी बाळासाठी वेगळी जागा घेऊन तिथे मोटारीतली शिशु-आसंदी लावता येईल का, हे कंपनीला आधीच विचारावे.

कानांसाठी उपाय सोपा आहे. विमान खाली उतरू लागते ते जमिनीला टेकण्याच्या सुमारे अर्धा तास आधी; तेव्हाच बाळाला जागे करून अंगावर पाजायला घ्यावे, कारण गिळताना कानातला दाब सारखा होतो. कुंची बांधून वर दुपटे पांघरणे आणि दृष्ट लागेल म्हणून चेहराही झाकणे मात्र टाळावे. झाकलेल्या बाळाचा श्वास दिसत नाही आणि अंगही तापते. आईला डुलकी लागणार असेल तर बाळ शेजारच्या जाग्या माणसाकडे द्यावे.

आणि ओल्या बाळंतिणीकडेही कोणी बघावे. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, सिझेरियननंतर अधिकच. तिने भरपूर पाणी प्यावे, पट्ट्याची खूण विझल्यावर बाळ दुसऱ्याकडे देऊन फेरी मारावी, आणि पोहोचल्यावर एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर प्रवासाचा शीण समजून झोपू नये, त्याच वेळी डॉक्टरांकडे जावे.