उरलेल्या पितळी रिंगबद्दल वर्कशॉपकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल दिलगीर आहोत. बोटीचं आउटबोर्ड मशीन (बोटीच्या मागे बसणारं इंजिन) दुरुस्तीनंतर नेल्यावर डब्यात एखादा भाग उरलेला दिसला तर कुणाच्याही पोटात गोळा येईल. ते मशीन घेऊन पाण्यावर जायचं असेल तर जास्तच.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की ‘लोअर युनिटमधली पितळी रिंग बसवायलाच विसरले, विचारलं तर जास्तीची आहे म्हणून हात झटकले, वर वेळ लावला तो वेगळाच’. (लोअर युनिट म्हणजे मशीनचा पाण्यात राहणारा खालचा भाग, गिअर आणि पंखा असतो तो.) वेळेचं पुढे सांगतो. ‘विसरले’ हा शब्द मात्र लागला. हे वाचून उद्या कुणी आमच्याकडे मशीन सोडताना दहादा विचार करेल आणि आमचं पोट याच कामावर आहे. म्हणून सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

ती रिंग आमच्या कामातून उरलेली नाही. तो तुमच्या जुन्या पंख्याचा (प्रोपेलरचा) थ्रस्ट वॉशर आहे, म्हणजे पंख्याचा जोर झेलणारी रिंग. तुमच्याच डब्यातून आला होता, त्याच डब्यात परत गेला.

रिव्ह्यूमध्ये जे आलेलं नाही ते इथे सांगावं लागतंय. मशीन आमच्याकडे आलं तेव्हा लोअर युनिट आधीच खाली उतरवलेलं होतं. पंप अर्धा उघडा, नवा पंखा वेगळा, जुना पंखा (एका पात्याचा टवका उडालेला) बोटीतच, आणि एका प्लास्टिकच्या डब्यात सगळे बोल्ट, वॉशर, पिना एकत्र. स्वतः खोलून बघायला आमची ना नाही. ज्याची बोट आहे त्याला मशीन थोडंफार कळायलाच हवं. पण खोलताना कुठला भाग कुठून निघाला हे लिहून ठेवलेलं नसेल, तर पुढच्या माणसाला प्रत्येक तुकड्याची जागा शोधत बसावं लागतं. लोअर युनिटचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. आखूड भोकात लांब बोल्ट गेला की तो तळाला टेकतो. हाताला वाटतं घट्ट बसला, प्रत्यक्षात जोड सैलच राहतो, आणि जोर लावला तर ॲल्युमिनियमचं केसिंग तडकतं. डब्यात तर एक बोल्ट असाही होता जो या मशीनचा नाहीच. तोही परत दिलाय, बघा.

आता रिंग. अनोळखी भाग हातात आला की आम्ही अंदाजाने बोलत नाही. आधी तो डिझेलमध्ये धुवायचा, लोहचुंबक लावायचा, व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी घ्यायची, घासल्याच्या खुणा कुठे आहेत ते उजेडात धरून बघायचं आणि मग पार्ट्स डायग्रामवर जायचं. उलटं केलं, म्हणजे आधी डायग्राम उघडला, की डोळे प्रत्येक गोल चित्रात तीच रिंग बघायला लागतात.

तुमची रिंग चुंबकाला चिकटत नाही. गिअरच्या मागच्या शिम (फट भरायच्या चकत्या) पातळ आणि पोलादी असतात, मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागात मोजायच्या, त्या चुंबकाला लगेच लागतात. शिवाय गिअर बाहेर काढल्याशिवाय शिम हाताला येतच नाही, आणि तुमच्या कामात गिअर काढायची वेळच आली नाही. काम होतं वॉटर पंपचं (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचतो तो) किट, ड्राइव्ह शाफ्टची ऑइल सील आणि गिअर ऑइल. पंपाखालची वेअर प्लेट स्टेनलेसची असते आणि तिला बोल्टची भोकं असतात, म्हणजे तीही नाही. पाण्याच्या नळीचं बूच रबरी असतं. ऑइल ड्रेन स्क्रूचा वॉशर करंगळीच्या नखाएवढा. राहता राहिला पंख्याचा शाफ्ट. त्यावर पंख्याच्या मागे, नटाच्या बाजूला जो स्पेसर येतो त्याचं भोक सरळ असतं. तुमच्या रिंगचं भोक एका बाजूने मोठं, दुसऱ्या बाजूने लहान आहे, आतून उतार दिलेला. बोट फिरवून बघा, लगेच कळेल.

पंख्याच्या शाफ्टला गिअरकेसजवळ (गिअरच्या पेटीजवळ) तसाच उतार असतो आणि रिंग त्यावर जाऊन टेकते. पंखा पाणी मागे लोटतो तेव्हा बोटीला पुढे ढकलणारा सगळा जोर पंख्याच्या हबमधून (मधल्या गाभ्यातून) या वॉशरवर आणि वॉशरमधून शाफ्टच्या उतारावर जातो. म्हणून आतला उतार घासून चकचकीत झालेला आहे. सपाट बाजूवरही साधारण ४ मिमी रुंदीचा एक गोल पट्टा उमटलाय. हबचं तोंड तिथे टेकत होतं. हा पट्टा तुमच्या जुन्या पंख्याच्या हबवर धरून बघितला, तंतोतंत बसतो. नव्या पंख्याच्या हबचं तोंड त्याहून मोठं आहे, तिथे जुळत नाही. यापेक्षा स्पष्ट ओळख काय असणार?

मग नव्या पंख्याला वॉशर नाही का? आहे ना. बदलता हब असलेल्या पंख्यांच्या किटमध्ये बरेचदा त्या हबला जुळणारा थ्रस्ट वॉशर सोबत येतो. तुम्ही आणलेल्या किटमध्ये तो होता आणि तोच आत बसवलाय. जुना वॉशर वर आणखी घातला असता तर पंखा तेवढ्या जाडीने मागे सरकला असता, नट पुरेसे आटे धरू शकला नसता आणि त्याच्या खाचा स्प्लिट पिनच्या (नट सुटू नये म्हणून घालायची पिन) भोकापर्यंत पोचल्या नसत्या. पिन न घातलेला नट कंपनाने सुटतो आणि पंखा तळाला जातो. आणि दोन्हींपैकी एकही वॉशर नसता तर पंखा पुढे सरकून गिअरकेसच्या तोंडावर घासला असता. आवाज आला असता, धातू कापला गेला असता, पहिल्या फेरीतच तुमच्या लक्षात आलं असतं. तुम्ही मशीन चालवलंत, त्यात असं काही झालं नाही हे तुमच्याच रिव्ह्यूमध्ये आहे.

फोनवर तुम्ही जो फोटो पाठवलात त्यात फक्त सपाट बाजू दिसते, तीही अंधुक. तरी तेव्हाच सांगितलं होतं की पंख्याचा जुना वॉशर आहे, जपून ठेवा. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. रात्री हा रिव्ह्यू.

परत दिलेल्या जुन्या मालाच्या पिशवीतल्या बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. पंपाचं किट एकाच वेळी दोन-तीन मॉडेलना चालेल असं भरलेलं असतं, त्यामुळे एखादं गॅस्केट, एखादी ओ-रिंग उरणं ठरलेलंच. अर्धचंद्राकृती चावी (इंपेलर, म्हणजे पंपातलं पाकळ्यांचं चक्र, शाफ्टला अडकवून ठेवणारा तुकडा) जुनी आहे, नवी शाफ्टच्या खाचेत बसली आहे. ती नसती तर शाफ्ट फिरला असता, इंपेलर जागेवर राहिला असता, बाहेर पाण्याची धार आलीच नसती आणि इंजिन तापल्याचा बझर वाजला असता. टाकीत चालवून धार तुम्हाला दाखवूनच मशीन ताब्यात दिलंय.

वेळ कशात गेला तेही सांगतो. तुमच्या जुन्या इंपेलरच्या दोन पाकळ्या तुटलेल्या होत्या. नुसता नवा इंपेलर टाकून मशीन बंद करणं सोपं होतं, पण तुटलेले तुकडे कुठेतरी अडकलेले असतात आणि पुढे तेच पाणी अडवतात. एक तुकडा पाण्याच्या नळीत सापडला, दुसरा थेट थर्मोस्टॅटच्या घरात. दोन्ही जुन्या इंपेलरसोबत पिशवीत बांधून दिलेत, जुळवून बघा, पाकळ्या पूर्ण होतात. हे कुणी रिव्ह्यूमध्ये लिहीत नाही. काळजी करायची तर न सापडलेल्या तुकड्याची करायला हवी, आणि तो आम्ही शोधला. पंपाखालची सील बदलल्यावर लोअर युनिटमध्ये साधारण १० पीएसआय (दाबाचं माप) हवा भरून दाबाचा काटा खाली येत नाही ना हे बघितलं, मगच ऑइल भरलं, तेही खालच्या भोकातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं की आत हवा राहते. या सगळ्याला वेळ लागतो आणि ‘झालं का’ म्हणून रोज फोन आल्याने तो कमी होत नाही. राग मानू नका.

आणि जुना माल परत का देतो? काय बदललं ते गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून. सगळं कचऱ्यात टाकलं असतं तर तुम्हाला ती रिंग दिसलीच नसती, मग रिव्ह्यूही आला नसता. तरी पद्धत बदलणार नाही. पिशवीवर चिठ्ठी लावणं, आलेल्या सुट्या भागांचा आधी फोटो घेणं वगैरे सुरू करतोय.

खात्री करायची असेल तर घरीही करता येईल. इंजिन बंद, किल स्विचची (इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढलेली, प्लगच्या वायरी सुट्या, गिअर न्यूट्रलला. स्प्लिट पिन सरळ करून काढा. पंख्याचं पातं आणि वरची आडवी प्लेट यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवा म्हणजे पंखा फिरणार नाही, मग नट सोडा. पंखा सरळ मागे ओढा. वॉशर कधीकधी ग्रीसने हबलाच चिकटून बाहेर येतो, शाफ्टवर दिसला नाही म्हणून घाबरू नका, हबच्या तोंडात बघा. परत लावताना वॉशरची उताराची बाजू शाफ्टच्या उताराकडे, मग पंखा, स्पेसर, वॉशर, नट. पंखा काढलाच आहे तर शाफ्टभोवती मासेमारीची तंगूस गुंडाळली आहे का तेही बघा, ती सील कापते आणि मग गिअर ऑइल दुधासारखं पांढरं होतं.

हे करायचं नसेल तर मशीन घेऊन या, तुमच्यासमोर पंखा उतरवून दाखवतो, त्याचे पैसे लागणार नाहीत. स्टार बदला असं म्हणणार नाही, बघून तुमचं तुम्ही ठरवा. येताना पितळी रिंग आणि जुना पंखा दोन्ही आणा. जुना पंखा दुरुस्त करून कधी परत लावलात तर हीच रिंग लागेल आणि नव्या किटचा वॉशर तेव्हा काढावा लागेल, म्हणून दोन्ही एकत्र तारेने बांधून देतो. आणि काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वाकवून वापरू नका, नवी आमच्याकडून घेऊन जा.