चाफाच दिलाय की, ताई!

कलमी सोनचाफ्याचे साडेतीनशे रुपये मोजले आणि नर्सरीतून घरपोच आली ती एक जाडजूड राखाडी काठी. पानं? आणून देणारा पोरगा म्हणे थंडीत झडतात. सासूबाईंनी शेंडा जरासा मोडला तर भळाभळा पांढरा चीक, "अगं हा तर देवळातला चाफा!"

कुंडी काखोटीला मारून रविवारी नर्सरीत. मालक हिशोबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाला, "चाफाच दिलाय की, ताई."

"मी सोनचाफा सांगितला होता."

इथे शेणखताच्या गोण्या हाताने दाबून बघणारे एक माकडटोपीवाले काका वळले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"त्याचं काय आहे," काका म्हणाले, "चाफे पुष्कळ. हिरवा चाफा सीताफळाच्या घराण्यातला. भुईचाफा आल्या-हळदीच्या भावकीतला, त्याचं फूल आधी जमिनीतून वर येतं, पानं मागाहून. नागचाफ्याच्या लाकडावर कुऱ्हाड बोथट होते. शिवाय कवठी चाफा."

"मग खरा चाफा कुठला?"

"सगळेच! आमच्या चाळीत पाच सुरेश होते, कोणी तक्रार केली नाही."

"पण लग्न एका सुरेशशी ठरवून मांडवात दुसरा उभा केला तर?"

काकांनी खरंच विचार केला. "स्वभावाने बरा असेल तर चालवून घ्यावं. हा बिनपाण्याचाही जगतो."

मालक फिस्सकन हसला. मी म्हटलं ठीक आहे, कलमाचे पैसे घेतलेत ना, मग कलम कुठे बांधलंय तेवढं दाखवा. तर म्हणे, "ते दिसत नाही ताई, आत असतं." अहो, हा चाफा कोणाच्याही कुंपणावरची फांदी तोडून मातीत खोचली तरी जगतो, याला कसलं आलंय कलम!

रात्री रागारागात मोबाईलवर वाचत बसले. हा देवळातला चाफा मुळात आपल्याकडचा नाहीच, मेक्सिको-मध्य अमेरिकेकडून आलेला आणि आपल्या देवळांच्या आवारात मूळ पुरुष असल्यासारखा बसलाय. शास्त्रीय नाव प्लुमेरिया, शार्ल प्लुमिए या फ्रेंच साधू-वनस्पतिशास्त्रज्ञावरून. आणि याच प्लुमिएने १७०३ साली, पिएर मॅग्नोल या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून, मॅग्नोलिया हे नाव काढलं, ज्या कुळात आता आपला सोनचाफा मोडतो. म्हणजे एक चाफा त्याच्या नावाचा आणि दुसऱ्याच्या बारशालाही हाच हजर, त्यामुळे पुढेमागे ग्राहक मंचात गेले तर तिथेही समोरच्याचा साक्षीदार तगडा. लाओस देशात तर हेच राष्ट्रीय फूल, नाव डोक चंपा. तिथेही चंपाच! माकडटोपीवाले काका तिकडेही असणार.

बिलावर फक्त "चाफा - १ नग", खाली छापील "विकलेला माल परत घेतला जाणार नाही". मालक बदलून देतो म्हणाला, पण भुईचाफ्याचा कंद, आणि वर साठ रुपये. सोनचाफा म्हणे "सध्या शॉर्ट आहे". मग माझ्याकडून ऑर्डर घेतली तेव्हा काय होतं?

काकांना मात्र त्याने शेणखताच्या गोणीमागे वीस रुपये सोडले. माझ्या डोळ्यांदेखत.