कोनशिलेची कूस बदलावी लागत नाही

निवृत्त सैनिकांसाठी दीर्घकालीन शुश्रूषागृह उभारण्याच्या शक्यतेचा अभ्यास करणाऱ्या समितीवर आपली निवड झाली असेल, तर सर्वप्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. घाबरून जाण्याचे काहीही कारण नाही. समितीचे नाव पुन्हा एकदा सावकाश वाचा. आपल्याला शुश्रूषागृह उभारायचे नसून त्याच्या शक्यतेचा अभ्यास करायचा आहे, आणि अभ्यास ही गोष्ट नीट पुरवून वापरली तर नातवंडांपर्यंत पुरते. पणजीतील एखाद्या वातानुकूलित सभागृहात, समोर चहा आणि काजूगरांची बशी ठेवून, हे कार्य कसे तडीस जाऊ देऊ नये, याविषयी चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो. त्या गुप्त ठेवण्याची गरज नाही, कारण त्या सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक आहेत.

पहिल्या बैठकीत खर्च कोणी करायचा, एवढाच प्रश्न घ्यावा. यासाठी राज्यघटनेची सातवी अनुसूची जवळ असू द्यावी. तिच्यात सैन्यदले केंद्राच्या सूचीत आहेत, इस्पितळे आणि दवाखाने राज्याच्या सूचीत आहेत, आणि अपंग व काम करण्यास असमर्थ असलेल्यांना साहाय्य करणे हाही राज्याचाच विषय आहे. याचा अर्थ असा की, माणूस बंदूक घेऊन उभा असतो तोवर तो दिल्लीचा, आणि ज्या दिवशी त्याला आपले आपण उठून बसता येईना त्या दिवसापासून तो पर्वरीच्या राज्य सचिवालयाचा. निवृत्तिवेतन तेवढे मरेपर्यंत दिल्लीचे. मग राज्याने केंद्राला लिहावे की हे आपले सैनिक आहेत, आणि केंद्राने राज्याला कळवावे की हे आपले ज्येष्ठ नागरिक आहेत. दोन्ही पत्रे अत्यंत आदरपूर्वक लिहावीत आणि प्रत्येकात 'शूर' हा शब्द निदान एकदा यावा. या पत्रव्यवहारात पहिली दोन वर्षे सुखाने जातात.

दुसऱ्या बैठकीत एखादे निवृत्त सुभेदार, ज्यांना संघटनेचे प्रतिनिधी म्हणून समितीवर घ्यावेच लागते, उठून विचारतील की अंथरुणाला खिळलेल्या माजी सैनिकाने राहायचे कुठे. त्यांना बसण्याची विनंती करा आणि मिळत असलेल्या सवलती मोजून दाखवा. सुरुवात कॅन्टीनपासून करावी, कारण स्वस्त रमचा उल्लेख झाला की श्रोत्यांची सहानुभूती आपोआप निम्म्यावर येते. (गोव्यात दारू तशीही स्वस्त असताना ती का निम्म्यावर यावी, हे मला आजवर उलगडलेले नाही, पण ती येते खरी.) त्यानंतर 'समान पद, समान निवृत्तिवेतन' सांगावे. मग 2003 पासून सुरू असलेली ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्ययोजना सांगावी, जिच्या कार्डावर मोतीबिंदू निघतो, गुडघा बदलून मिळतो आणि हृदयाची शस्त्रक्रिया होते. हे सगळे खरे आहे आणि चांगलेही आहे. परंतु रुग्णालय हे बऱ्या होणाऱ्या माणसासाठी असते. जो बरा होत नाही आणि मरतही नाही, त्याच्या हाती डिस्चार्जचा कागद देऊन त्याला घरी पाठवले जाते. त्या कागदानंतरची वर्षे कोणत्या खात्याची, असा प्रश्न सुभेदारांच्या ओठांवर येण्याच्या आत जेवणाची सुटी जाहीर करावी.

ज्यांना निवृत्तिवेतनच नाही, अशा 65 वर्षांवरील गरजू माजी सैनिकांचा विषय निघाला तर आपले मन मुळीच कचरू देऊ नका. केंद्रीय सैनिक मंडळ त्यांना ध्वज दिन निधीतून दरमहा 4000 रुपये देत असे, आणि नोव्हेंबर 2025 पासून केलेल्या अर्जांसाठी ही रक्कम 8000 रुपये झाली आहे. एकदम दुप्पट! हे वाक्य मोठ्या आवाजात वाचावे. भागाकार मात्र करू नये. केल्यास दिवसाला 267 रुपये निघतात, आणि मग कोणीतरी रात्रपाळीला राहणाऱ्या बाईचा पगार विचारतो.

'आपल्याकडे प्रोवेदोरियाचे (गोव्याच्या सार्वजनिक साहाय्य संस्थेचे) वृद्धाश्रम आहेत की,' हे वाक्यही हाताशी असू द्यावे. वृद्धाश्रम आणि शुश्रूषागृह यांतील फरक आपण होऊन कोणालाही समजावून सांगू नये. पहिल्यात जेवणाची घंटा झाली की माणूस चालत पानावर येतो; दुसऱ्यात पान त्याच्यापर्यंत न्यावे लागते, घास भरवावा लागतो, आणि पुढचे जे काही असते तेही दुसऱ्या कोणाला तरी उचलावे लागते. कायद्याचा धाक कोणी घातला, तर 2007 चा पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा आपणच काढून दाखवा. त्याच्या 19 व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान 150 निराधार ज्येष्ठांना पुरेल असा वृद्धाश्रम सांगितलेला आहे. मात्र राज्य सरकारने तो 'स्थापावा' असे तिथे म्हटलेले नसून सरकार तो 'स्थापू शकेल' असे म्हटले आहे, आणि तेही टप्प्याटप्प्याने. ज्या मसुदाकाराला हे क्रियापद सुचले, त्याच्या स्मरणार्थ आपल्या समितीने दोन मिनिटे शांत उभे राहण्यास हरकत नसावी.

यापुढची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्यक्ष पाहणी कटाक्षाने टाळा. माझ्या हातून ही चूक एकदा घडली आहे.

पेडणे तालुक्यात आमच्या वाड्यावर एक हवालदारकाका आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, 1971 च्या युद्धातले. पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल भिंतीवरच्या काचेच्या चौकटीत आहेत. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. मुलगा बोटीवर, मुलगी पुण्यात दिलेली, आणि घरात सत्तरी ओलांडलेल्या काकी. मी गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि कूस बदलण्याची वेळ झाली होती. काकींनी कॉटवर आडव्या घातलेल्या चादरीची दोन टोके मुठींत धरली, गुडघा कॉटच्या लोखंडी पट्टीला टेकवला, आणि काकांकडे पाहिले. काकांनी तोंडाच्या चालत्या अर्ध्या बाजूने मोजले, 'एक, दो', आणि दो म्हणताच काकींनी ओढले. मग पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचेखाली घडी. हे झाल्यावर त्यांनी दाराजवळच्या कालनिर्णयावर, जिथे इतर घरांत दुधाचा हिशेब असतो, त्या चौकटीत पेन्सिलने एक टिंब दिले. मागच्या प्रत्येक चौकटीत बारा टिंबे होती. दर दोन तासांनी एकदा, म्हणजे दिवसाला 12 वेळा, वर्षाला 4380 वेळा. हा गुणाकार मी घरी येऊन केला आणि उगाच केला. पावसाळ्यात वीज गेली की हवेची गादी हळूहळू बसत जाते, तेव्हा टिंबांची संख्या वाढते. पहाटे चारच्या सुमारास काका अंधारात 'स्टँड टू', म्हणजे सज्ज व्हा, अशी फौजी हाक देतात आणि काकी आतल्या खोलीतून 'सब ठीक है' असे उत्तर देतात. उत्तर दिले नाही तर ते झोपत नाहीत, असे त्या मला सांगत होत्या, आणि सांगता सांगता भिंतीला टेकून त्यांचा स्वतःचा डोळा लागला.

पाहा, विषयांतर होते ते असे. म्हणून पाहणी नको.

विदेशी उदाहरणांपासूनही समितीचे रक्षण करावे लागेल. एखादा होतकरू तरुण अधिकारी सांगू लागेल की अमेरिकेत हा केंद्र-राज्य घोळ फार पूर्वी मिटवला गेला: निवृत्त सैनिकांच्या राज्यस्तरीय निवासांच्या बांधकामाला 65 टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्राचे माजी सैनिक खाते देते आणि उरलेली राज्य घालते, राज्याने आपल्या वाट्याची तजवीज आधी दाखवली तरच प्रस्ताव यादीत वर सरकतो, आणि पुढील 20 वर्षांत इमारत दुसऱ्याच कामाला लावली तर अनुदान परत मागितले जाऊ शकते. बांधून झाल्यावरही प्रत्येक पात्र सैनिकामागे दररोज ठरावीक रक्कम केंद्राकडून येत राहते, आणि या मदतीची सुरुवात 1888 मध्ये माणशी वर्षाला 100 डॉलरने झाली होती. हे ऐकून सभासदांच्या चेहऱ्यांवर विचाराची छटा दिसू लागली, तर ताबडतोब सांगा की तिथेही प्रस्तावांची यादी लांब असते आणि राज्ये वर्षानुवर्षे ताटकळतात. ते खरेच आहे. दुसऱ्याच्या घरी उशीर होतो, हे आपल्या घरी सुरुवात न करण्याचे सर्वमान्य कारण आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने 1670 मध्ये पॅरिसला आणि इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने 1682 मध्ये चेल्सीला म्हाताऱ्या शिपायांसाठी वास्तू काढल्या, असे कोणी सांगितले तर ते राजे होते, आपण लोकशाहीत आहोत, एवढे म्हटले की पुरे. जुन्या गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी आपल्या आजारी शिपायांसाठी इस्पितळ चालवले होते, हा मुद्दा तर राष्ट्रीय भावनेच्या विरोधात जातो म्हणून इतिवृत्तात घेऊच नये. अडचण खडकीची आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी तिथे 1974 पासून पुनर्वसन केंद्र चालू आहे, ते आपल्याच देशात आहे आणि एका रात्रीच्या बसप्रवासावर आहे. त्यावर एकच उपाय: अभ्यासदौरा दुबईला काढावा.

जमिनीविषयी फार लिहीत नाही, कारण त्या बाबतीत आपण माझे गुरू आहात. एक भूखंड कोमुनिदादीचा, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीचा निघेल, एकावर मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेला कूळवजा रहिवासी असेल, एक सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या निर्बंधित पट्ट्यात येईल आणि उरलेला डोंगरउताराचा म्हणून विकासास अयोग्य ठरेल. तोच उतार पुढल्या वर्षी दिल्लीकरांच्या व्हिलांसाठी सपाट झालेला दिसला, तर आश्चर्य व्यक्त करू नये. ते भूरूपांतर होते.

आता अंदाजपत्रकाकडे या, कारण खरी कला तिथे आहे. इमारत हा भांडवली खर्च असतो. तो एकदाच होतो, त्याची निविदा निघते, त्याला कंत्राटदार असतो, कोनशिला असते, आणि कोनशिलेवर नावे असतात. शुश्रूषा हा महसुली खर्च असतो. तो दरमहा होतो, कधीच संपत नाही, आणि मध्यरात्री दोन वाजता म्हाताऱ्याची कूस बदलणाऱ्या आयेच्या हातावर कोणाचेही नाव कोरता येत नाही. त्यामुळे पैसा मागायचाच असेल तर तो बांधकामासाठी मागावा आणि पदनिर्मितीचा प्रस्ताव वित्त खात्याकडे वेगळ्या फाइलमध्ये पाठवावा. दोन फाइली वेगवेगळ्या मजल्यांवर असल्या की त्यांची भेट होण्याचा संभव फारसा उरत नाही. वाईटात वाईट म्हणजे 40 खाटांची एक देखणी, कुलूपबंद वास्तू उभी राहील, आणि निवडणूक आली की तिथे मतपेट्या ठेवता येतील. लेखाशीर्ष जिवंत राहावे म्हणून दरवर्षी 1000 रुपयांची नाममात्र तरतूद मात्र विसरू नका. विधानसभेत 'तरतूद केलेली आहे' असे छातीठोकपणे सांगण्यासाठी ती फार उपयोगी पडते.

आणि अगदीच गळ्याशी आले, तर स्मारक सुचवा. स्मारकाला विरोध करण्याची कोणाची प्राज्ञा नसते, आणि तसा तो करूही नये. अंजदीव बेट घेताना 1961 मध्ये पडलेल्या नौसैनिकांचे स्मारक वास्कोला आयएनएस गोमंतक या नौदलाच्या तळावर आहे. ते असलेच पाहिजे, आणि मी स्वतः तिथे मान खाली घालून उभा राहिलो आहे. मी बोलतो आहे ते हिशेबाविषयी. दगडाला भरवावे लागत नाही, त्याची नळी बदलावी लागत नाही, तो पहाटे हाक मारत नाही. वर्षातून एकदा पाण्याने धुतला आणि पुष्पचक्र वाहिले की झाले. मेलेला सैनिक कोणत्याही खात्याला परवडतो.

शिवाय काळ आपल्या बाजूने आहे. गोवामुक्तीच्या मोहिमेत जे विशीत होते ते आज 80 च्या पुढे आहेत, 1971 वाले पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, आणि प्रत्येक मुदतवाढीगणिक लाभार्थ्यांची अपेक्षित संख्या आपोआप घटते. पुढच्या पिढीची काळजी करणाऱ्यांनी 2022 ची अग्निपथ योजना पाहावी: चार वर्षांनी चारांतला जास्तीत जास्त एक ठेवायचा, बाकीच्यांना एकरकमी रक्कम देऊन निवृत्तिवेतनाविना घरी पाठवायचे. पंचविशीत निवृत्त होणाऱ्या माणसाला म्हातारा सैनिक म्हणणे आपल्याच समितीला जड जाईल. तो म्हातारा होईल तेव्हा सैनिक होता, हे त्यालाच सिद्ध करावे लागेल.

राहता राहिला 19 डिसेंबर, गोवा मुक्तिदिन. त्या दिवशी सत्कार ठेवावाच. मागे आमच्या पंचायतीने हवालदारकाकांना बोलावले होते. व्यासपीठाला पाच पायऱ्या होत्या आणि उतार नव्हता, त्यामुळे चाकाची खुर्ची खालीच राहिली आणि काकींनी वर जाऊन शाल, श्रीफळ स्वीकारले. टाळ्या भरपूर पडल्या. त्या शालीची चौपदरी घडी मी नंतर पाहिली ती काकांच्या डाव्या टाचेखाली. उजवीखाली आदल्या वर्षीची होती. तेव्हा समितीने शाली खरेदी करताना एवढी काळजी जरूर घ्यावी की त्या मऊ सुती असाव्यात. जरीचे काठ टोचतात, आणि टाचेला एकदा जखम झाली की ती भरत नाही, असे काकी म्हणत होत्या.