वर्षाची फी एका दिवसात कमावता येत नाही

एप्रिलच्या पहिल्या रविवारी गोरेगावहून भाचीचा फोन आला. "मावशी, यंदा चाळीस लाखांचा नफा दिसतोय!" ती आणि तिची मैत्रीण मुलांना ऑनलाइन गाणं शिकवणारी छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी चालवतात. मी सत्तावीस वर्षं फोर्टातल्या ऑफिसांमध्ये ताळेबंद करते आहे, त्यामुळे आनंदाआधी शंका आली. कुठून आला एवढा नफा, असं विचारल्यावर तिने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मजकूर पाठवला. दुपारपर्यंत तोच मजकूर मला आणखी दोन गटांत दिसला.

त्याचा सारांश असा. नवीन लेखा मानक 115 (म्हणजे कंपन्यांनी हिशेब कसे मांडायचे याच्या नियमांपैकी एक, Ind AS 115) आल्यापासून वार्षिक वर्गणी ज्या दिवशी खात्यात येते त्याच दिवशी ती पूर्ण उत्पन्न म्हणून धरायची. पावतीवर 'नॉन-रिफंडेबल' छापलं की पैसा कायमचा तुमचा. जॉइनिंग फी वेगळी लावा, ती तर लगेचच उत्पन्न. जीएसटी पूर्ण रकमेवर भरता, मग उत्पन्न तुकड्यातुकड्यांनी कशाला? एजंटचं कमिशन मात्र वर्षभर पसरवा. आणि शेवटी, सीए लोक फी वाढवायला उगाच घाबरवतात.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून त्यावरच जास्त बोलते. भाचीचेच आकडे घेऊ. जानेवारीच्या सुरुवातीला 400 मुलांनी वर्षाचे प्रत्येकी 12,000 रुपये भरले, जीएसटी वेगळा. म्हणजे 48 लाख जमा. शिक्षकांचं मानधन, अ‍ॅप, भाडं मिळून महिन्याचा खर्च अडीच लाख. मार्चअखेर शिकवून झालं तीन महिने. तिने 48 लाखांतून साडेसात लाख वजा केले आणि साडेचाळीस लाख नफा काढला. पण तीन महिन्यांची फी होते 12 लाख, खर्च साडेसात, म्हणजे नफा साडेचार लाख. उरलेले 36 लाख हे त्या मुलांचं देणं आहे. पैशांच्या रूपात नसेल, पण नऊ महिन्यांच्या शिकवणीच्या रूपात आहेच. त्यासाठी अजून साडेबावीस लाख खर्च व्हायचे आहेत, आणि भाचीच्या पद्धतीने गेलं तर ते ज्या वर्षात होतील त्या वर्षात या फीतला एक रुपयाही उत्पन्न म्हणून दिसणार नाही.

भाची आणि तिची मैत्रीण त्या 'नफ्या'तून पंधरा-पंधरा लाख मोबदला म्हणून उचलायच्या बेतात होत्या. तीस लाख काढल्यावर डिसेंबरपर्यंत शिक्षकांना पैसे कुठून दिले असते? आयकर भरायचा तोही न कमावलेल्या नफ्यावर. बँकेकडे कर्जासाठी हाच ताळेबंद गेला असता आणि पुढच्या वर्षी तोटा बघून बँकेने हात आखडता घेतला असता. असले मजकूर पुढे ढकलणाऱ्यांना हे कळत नाही याचा मला खरोखर राग येतो.

आता ते मानक 115 म्हणतं तरी काय? कंपनी व्यवहार मंत्रालयाने ते मार्च 2018 मध्ये अधिसूचित केलं आणि 1 एप्रिल 2018 पासून लागू झालं. त्याचा गाभाच असा की उत्पन्न पैसे आल्यावर धरायचं नाही, कबूल केलेली वस्तू किंवा सेवा ग्राहकाला दिल्यावर, किंवा जसजशी देत जाल तसतसं धरायचं. ग्राहक सेवा घेता घेताच तिचा लाभ घेत असेल, तर उत्पन्नही त्या काळावर पसरतं. आणि परिच्छेद 106 स्वच्छ सांगतो की सेवा देण्याआधी ग्राहकाने पैसे दिले असतील, तर ती रक्कम करारातून आलेलं देणं म्हणून ताळेबंदात दाखवायची. मजकूर ज्या मानकाचं नाव घेतो, तेच मानक नेमकं उलट सांगतं. मजकूर लिहिणाऱ्याने ते उघडूनही पाहिलेलं नाही.

त्यातून भाचीच्या कंपनीला 115 लागूच नाही. ते शेअर बाजारात नोंदलेल्या (छोट्या कंपन्यांच्या एसएमई मंचावरच्या सोडून) कंपन्यांसाठी, तसंच नोंदलेल्या नसल्या तरी 250 कोटी किंवा जास्त नक्त मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) कंपन्यांसाठी, शिवाय त्यांच्या उपकंपन्या वगैरेंसाठी. बाकीच्यांना जुनं लेखा मानक 9. ते 1985 चं. त्यात शिकवणीची फी शिकवण्याच्या कालावधीवर पसरून धरायची, असं उदाहरणासकट दिलेलं आहे. नियतकालिकांच्या वर्गणीचाही नियम त्यातच आहे: आलेली वर्गणी पुढे ढकलायची आणि अंक जातील तसं उत्पन्न धरायचं. आपल्याकडच्या मासिकांना वार्षिक वर्गणीदार किती पिढ्यांपासून आहेत! अ‍ॅपवरची वर्गणी हा काही नवा प्राणी नाही. बारावी कॉमर्सला 'आगाऊ मिळालेलं उत्पन्न' देण्यांच्या बाजूला मांडायला शिकवतात, तीच ही नोंद.

'नॉन-रिफंडेबल'बद्दल. पैसे परत करायचे नाहीत याचा अर्थ शिकवायचंही नाही असा होत नाही. मार्चच्या शेवटी लोकलचा तीन महिन्यांचा पास काढला तर रेल्वेला एप्रिल, मे, जून गाडी चालवावीच लागते. एवढं मात्र मान्य करते की पोरगं दोन महिने वर्गाला फिरकलंच नाही, तरी वर्ग चालू होता, म्हणून त्या दोन महिन्यांची फी तुमचीच. पण तीही महिना सरल्यावर. आधी नाही.

जॉइनिंग फीचा सल्ला तर सरळ खोटा आहे. 115 च्या परिशिष्टात व्यायामशाळेच्या प्रवेश फीचं उदाहरण घेऊन सांगितलंय की नाव नोंदवणं, खातं उघडणं ही ग्राहकाला दिलेली वेगळी सेवा नव्हे. ती फी पुढच्या सेवेचा आगाऊ पैसा आहे आणि सेवा देताना उत्पन्नात येते. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला ती पुन्हा द्यावी लागत नसेल आणि ती सवलत ग्राहकाला खरोखर मोलाची असेल, तर ती एका वर्षापेक्षाही जास्त काळावर पसरू शकते.

जीएसटीच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे आणि त्यामुळेच लोक फसतात. सेवेसाठी आगाऊ पैसे आले की कर लगेच लागतो, केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 13 प्रमाणे. 48 लाखांवर 18 टक्क्यांनी 8 लाख 64 हजार भाचीला तेव्हाच भरावे लागले, आणि ते तिने वेळेवर भरले. पण कर कधी द्यायचा हे एक कायदा ठरवतो आणि उत्पन्न कधी धरायचं हे लेखा मानक ठरवतं. दोन्हींत फरक आला तर विवरणपत्रात जुळवणी दाखवता येते, आम्ही दरवर्षी दाखवतो.

कमिशनचं थोडक्यात. 115 मध्ये ग्राहक मिळवण्यासाठी दिलेलं कमिशन पसरवता येतं हे खरं. पण उत्पन्न एका दिवसात आणि कमिशन बारा महिन्यांत, असं दोन्हीकडून सोयीचं घेता येत नाही.

आणि हे फक्त छोट्यांचं दुखणं नाही. ऑनलाइन शिकवणीच्या बायजूज कंपनीचे 2020-21 चे हिशेब दीड वर्ष रखडून सप्टेंबर 2022 मध्ये आले तेव्हा तोटा 4,588 कोटींचा निघाला. उत्पन्न धरण्याची पद्धत बदलल्याने उत्पन्नाचा मोठा भाग पुढच्या वर्षांत गेला, असं कंपनीनेच तेव्हा सांगितलं होतं.

सीए घाबरवतात म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते, तुमच्या मजकुराला 115 मधल्या कोणत्या परिच्छेदाचा आधार आहे? मी 106 सांगितला आहे. दोन्ही गटांत हा प्रश्न टाकला आहे.

भाचीला त्याच संध्याकाळी घरी बोलावलं. आम्ही दोघींनी बसून 36 लाख देण्यांच्या बाजूला नेले. ती जरा वेळ गप्प होती, मग डिसेंबरपर्यंत शिक्षकांच्या मानधनाला लागणारी रक्कम तिने वेगळ्या मुदत ठेवीत टाकायचं ठरवलं. मंगळवारी ठेव झाली.